जुन्या मोटारीचा विमा कसा उतरवावा?

बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी या भागांत जुन्या मोटारी हौसेने सांभाळणारे लोक थोडे असले, तरी त्या मोटारींवर रोजी कमावणारे कारागीर बरेच आहेत. कोणाच्या वडिलांची फियाट वाड्यात ताडपत्रीखाली उभी असते, कोणी ॲम्बेसेडर घेऊन ती पहिल्यासारखी करून घेतो, कोणाला जुन्या जीपचे वेड असते. मिस्त्री, डेंटर, पेंटर, कुशनवाला, वेल्डर या सगळ्यांचे हात लागून महिनोन् महिने काम चालते आणि लाख-दोन लाख रुपये सहज जातात. विम्याची आठवण मात्र पासिंगच्या दिवशी होते. एजंट विचारतो, "थर्ड पार्टीच ना?" मालक मान डोलावतो आणि सौदा तिथेच मिटतो.

हा सौदा किती महाग पडू शकतो, हे एका तारखेवरून दिसते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद ऑक्टोबर २००३ मधली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेल्या आणि १९७४ नंतर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या या गाडीला आपल्याकडे आजही सगळे फियाटच म्हणतात. टॅक्सी संपली आणि खासगी फियाट 'जुनी गाडी' सोडून 'हौसेची गाडी' झाली. योगायोग असा की, त्याच ३० ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्यात माजलगाव व बीड येथे जाळपोळ झाली, वाहने जळाली आणि संचारबंदी लागली. अशा प्रसंगी उभी गाडी जळाली आणि तिचा विमा फक्त थर्ड पार्टी असला, तर मालकाच्या हाती एक रुपयाही येत नाही.

थर्ड पार्टी विमा दुसऱ्यासाठी असतो. आपल्या गाडीने कोणी जखमी झाले, मेले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ती भरपाई कंपनी देते. मृत्यू व दुखापतीच्या भरपाईला मर्यादा नाही. मालमत्तेसाठी खासगी गाडीची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. याचे दर सरकार ठरवते, त्यात घासाघीस नाही. १ जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३४१६ रुपये आहेत, वर जीएसटी वेगळा. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे ती याच गटात बसते.

विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्या अनेक बांधवांच्या मनात असतो. जेद्दा येथील इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ च्या ठरावात ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याचा पर्याय सुचवला. आपल्या देशात मोटारीसाठी तसा तकाफुल विकणारी कंपनी नाही. तेव्हा कायद्याने सक्तीचा भाग कोणता आणि मर्जीचा कोणता, हे आधी नीट समजून घ्यावे आणि मर्जीच्या भागाबद्दल आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. व्यवहाराची माहिती देणे एवढेच या लेखाचे काम आहे.

मर्जीचा भाग म्हणजे स्वतःच्या गाडीचा विमा. बाजारात त्याला फर्स्ट पार्टी किंवा फुल विमा म्हणतात. आग, चोरी, पूर, वीज, भूकंप, अपघात, दंगल, संप, कोणी मुद्दाम केलेली मोडतोड आणि ट्रकवर किंवा रेल्वेने गाडी नेताना झालेले नुकसान, हे सगळे त्यात येते. झीज, गंज, जुनेपणामुळे बंद पडलेले इंजिन किंवा वायरिंग त्यात येत नाही.

आकडा कोण ठरवणार?

फुल विम्याच्या कागदावर आयडीव्ही, म्हणजे गाडीची घोषित किंमत, हा एक रकाना असतो. गाडी चोरीला गेली किंवा पुरती जळाली, तर कंपनी जास्तीत जास्त तेवढीच रक्कम देते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला या किमतीचा तक्ता ठरलेला आहे. पाच वर्षांपुढच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलच्या गाडीला तक्ता नाही. मालक व कंपनी यांनी आपसांत समजुतीने आकडा ठरवावा, असा नियम आहे. ही सवड मालकाच्या बाजूची आहे, पण वापरतो एजंट. हप्ता कमी दिसावा म्हणून तो वीस-तीस हजार लिहितो आणि मालकही खूश होतो.

समजा, एका फियाटवर अडीच लाख रुपये खर्च झाले आणि कागदावर किंमत लिहिली ३० हजार. गेवराई रस्त्यावर टेम्पोने पुढून धडक दिली. दुरुस्तीचा अंदाज २४ हजार निघाला. घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त खर्च येत असेल, तर कंपनी गाडी टोटल लॉस धरते. इथे ७५ टक्के म्हणजे २२,५००. म्हणजे एक बोनेट, एक मडगार्ड आणि रेडिएटर यांच्यापायी सबंध गाडी कागदावर भंगार झाली. मालकाला मिळणार ३० हजार, त्यातून सक्तीची कपात १ हजार. गाडी स्वतःकडेच ठेवायची असेल, तर भंगाराची किंमतही वजा होणार.

आता तीच गाडी, तोच अपघात, पण कागदावर किंमत अडीच लाख. दुरुस्ती मंजूर होते. २४ हजारांत १४ हजारांचे लोखंडी भाग आणि १० हजार डेंटिंगची मजुरी धरू. दहा वर्षांवरील गाडीच्या लोखंडी भागांवर कंपनी निम्मी घट कापते, म्हणून १४ हजारांचे ७ हजार झाले. मजुरी पूर्ण मिळते. एकूण १७ हजारांतून १ हजार वजा, म्हणजे १६ हजार हातात आणि गाडी आपल्या दारात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवरही निम्मी घट असते. काचेवर नसते. घट न कापणारा जादा विमा नव्या गाड्यांना मिळतो, जुन्यांना सहसा मिळत नाही, त्यामुळे त्याची आशा धरू नये.

या मोठ्या आकड्याचा भार किती? जुन्या दरपत्रकात दहा वर्षांवरील अशा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास होता. २००७ पासून कंपन्या हा दर स्वतः लावतात. शेकडा ३.४ धरला, तर ३० हजारांवर १०२० रुपये आणि अडीच लाखांवर ८५०० रुपये. फरक वर्षाला साडेसात हजारांचा. गाडी खरोखर तेवढ्या किमतीची असेल तरच तो द्यावा. पन्नास-साठ हजारांची, गल्लीपुरती फिरणारी जीप असेल, तर थर्ड पार्टीबरोबर फक्त आग व चोरीचा विमा घेणे शहाणपणाचे. गाडी रस्त्यावरच नसेल, गॅरेजमध्ये महिनोन् महिने काम चालू असेल, तर त्या काळापुरत्या आग-चोरीच्या विम्याची सोयही दरपत्रकात होती. वेल्डिंगची ठिणगी आणि पेट्रोलची टाकी एका छताखाली असते, हे लक्षात घेता ही सोय फार कामाची. एजंट ती आपणहून सांगत नाही, शाखेत लेखी मागणी करावी.

'व्हिंटेज' हा शब्द मात्र जपून वापरावा. २००२ च्या विमा दरपत्रकात १९४० सालाअखेरपूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली गाडीच व्हिंटेज आहे. ठरलेली पूर्ण रक्कम घट न धरता देण्याची पॉलिसी फक्त तिलाच मिळे. परिवहन खात्याच्या जुलै २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीला २० हजार रुपये लागतात आणि थर्ड पार्टीच्या दरात निम्मी सूट मिळते. पण ती गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. ३४१६ चे १७०८ वाचवण्यासाठी २० हजार भरणे आणि गाडी बांधून ठेवणे हा हिशेब बहुतेकांना परवडणारा नाही.

कारागिराचे बिल

कंपनीपुढे अडीच लाखांचा आकडा ठेवायचा, तर पुरावा लागतो. इथेच आपले कारागीर बांधव कमी पडतात. काम उत्तम, पण बिल सिगारेटच्या पाकिटामागे. अशा कागदाला कोणी विचारत नाही. डेंटर असो वा कुशनवाला, त्याने छापील बिलावर तारीख, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कोणते काम केले, मजुरी किती व माल किती हे वेगवेगळे लिहून सही-शिक्का द्यावा. मजुरी आणि माल वेगळे लिहिण्याचे महत्त्व वरच्या हिशेबात दिसलेच आहे. मजुरीला घट लागत नाही, मालाला लागते. पेंटिंगचे एकरकमी बिल दिले, तर कंपनी त्यातला चौथा हिस्सा माल धरून त्यावर निम्मी घट लावते.

बिलांबरोबर पत्रा उघडा असतानाचे, रंगापूर्वीचे व नंतरचे फोटो ठेवावेत. परवानाधारक सर्व्हेअरकडून गाडीची किंमत लेखी काढून घ्यावी. त्याची फी लागते, पण एका सर्व्हेअरला दुसऱ्या सर्व्हेअरचा कागद लवकर समजतो. हे सर्व अर्जासोबत देऊन आकडा पॉलिसीवर छापून आला का, हे पाहूनच हप्ता भरावा.

कागदांतली आणखी एक भानगड. पेट्रोलच्या फियाटमध्ये डिझेल इंजिन, जीपला दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स, गॅसची टाकी, हे आपल्याकडे सर्रास होते. कलम ५२ प्रमाणे बदल आरसीवर चढवावा लागतो आणि कंपनीलाही कळवावा लागतो. इंजिन नंबर जुळला नाही, तर चांगला दावाही अडकतो. पंधरा वर्षांनंतरचे पासिंग संपू देऊ नये. तात्पुरती नोंदणी संपलेली मोटार चोरीला गेली असताना कंपनीने दावा नाकारला, तो नकार सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये योग्य ठरवला. गाडी विकत घेतली असेल, तर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, फुल विमा येत नाही. मरहूम वडिलांच्या नावावर राहिलेल्या आरसीचेही असेच आहे.

लग्नसराईत सजवलेली ॲम्बेसेडर किंवा फियाट भाड्याने देण्याचा धंदा आता चांगला चालतो. खासगी पॉलिसीत मात्र भाड्याने वापर चालत नाही. खासगी गाडी टॅक्सी म्हणून चालवताना चोरीला गेली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ७५ टक्के रक्कम द्यायला लावली खरी, पण त्यासाठी मालकाला दिल्लीपर्यंत भांडावे लागले. भावाच्या वरातीला गाडी देणे वेगळे आणि पाच हजार घेऊन देणे वेगळे. पैसे घ्यायचे असतील, तर परवाना व विमा दोन्ही धंद्याचे हवेत.

गॅरेजवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकाची खासगी पॉलिसी मोटारधंद्यातल्या वापराला लागू नसते. गॅरेजात उभ्या असलेल्या परक्या गाड्यांसाठी मोटर ट्रेड विमा असतो. त्यात गॅरेजच्या आवारातील जोखीम आणि रस्त्यावरची जोखीम असे वेगळे प्रकार आहेत. दहा-पंधरा गाड्या ठेवणाऱ्याने आवारातील जोखमीचा तरी विमा घ्यावा, कारण आग लागली तर गिऱ्हाईक आधी मिस्त्रीच्या दारात येते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीडसह मराठवाड्यात नद्यांचे पाणी वस्तीत शिरले. पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही चालू करून पाहू नये. पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढचे नुकसान पुरामुळे नव्हे, तुमच्या सेल्फमुळे झाले, असे कंपनी म्हणते. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे, गाडी ओढून न्यावी.

दावा नाकारला किंवा कमी दिला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. अर्जासोबत पॉलिसी, नकाराचे पत्र, सर्व्हेअरचा अहवाल आणि कारागिरांची बिले यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत.