दप्तराचा पत्ता : पायथॉनमधील ‘पाथलिब’चा अभ्यास

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचे मोल आपल्या समाजातील पालकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. जात वैधता पडताळणीत अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० या मानीव दिनांकापूर्वीचे पुरावे फार महत्त्वाचे ठरतात. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळाप्रवेशाची एक ओळ नातवंडाच्या प्रवेशाचा व नोकरीचा मार्ग मोकळा करते. म्हणूनच अनेक शाळा जुनी रजिस्टरे स्कॅन करून संगणकात ठेवीत आहेत. त्यामुळे मजकूर वाळवीपासून वाचतो. परंतु ते पान आणखी तीस वर्षांनी सापडेल काय, हा प्रश्न उरतोच.

संगणकातील पान त्याच्या पत्त्यावरून सापडते. या पत्त्याला ‘पाथ’ म्हणजे मार्ग म्हणतात. तो मार्ग हाताळण्याची नीट सोय पायथॉन या संगणकभाषेने आपल्या स्टँडर्ड लायब्ररीत कशी आणली, याचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेसोबतच प्रत्येकाला मिळणारा तयार साधनांचा संग्रह. तो सर्वांचा असल्यामुळे त्यात काय घ्यावे, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

मार्ग म्हणजे काय?

अकोला, जुने शहर, दहीहांडा वेस, अमुक गल्ली, अमुक घर : हा पूर्ण पत्ता झाला. तो ताजनापेठेतून वाचा की पुण्याहून, घर तेच. याउलट ‘इथून पुढे दुसरे घर’ हा पत्ता बोलणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असतो. संगणकातही पूर्ण मार्ग आणि सापेक्ष मार्ग असे दोन प्रकार आहेत. ‘रजिस्टरे/१९४८/पान१२’ हा सापेक्ष मार्ग होय. त्यातील प्रत्येक टप्पा एक फोल्डर असून शेवटी फाइलचे नाव येते.

अडचण टप्प्यांमधील खुणेपासून सुरू होते. युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्समध्ये ही खूण सरळ तिरपी रेघ ‘/’ आहे. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसने पहिल्या आवृत्तीतच ती रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरली होती. पुढे १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांची सोय आली, तेव्हा टप्पे वेगळे करण्यासाठी उलटी रेघ ‘\’ घेण्यात आली. विंडोजने तोच वारसा चालविला.

पायथॉनमध्ये दीर्घकाळ मार्ग म्हणजे केवळ अक्षरांची माळ होती. तिच्यावर काम करणारी ‘ओएस.पाथ’ ही साधने होती, पण मार्ग आणि साधा मजकूर यांत भाषा भेद करीत नसे. पायथॉनच्या साध्या मजकुरात उलटी रेघ आणि तिच्यापुढे रोमन लिपीतील लहान ‘एन’ आले, की त्याचा अर्थ ‘नवी ओळ’ असा होतो. त्या अक्षराने सुरू होणाऱ्या फोल्डरचा मार्ग असा नकळत मोडत असे. समजा, एका शाळेने विंडोजवर उलट्या रेघांनी जोडलेल्या मार्गांची यादी केली आणि पुढे सर्व सामग्री लिनक्सच्या संगणकावर नेली. तेथे उलटी रेघ ही टप्प्याची खूण नव्हे, तर नावातलेच एक अक्षर ठरते. सर्व पाने जागेवर असूनही यादीतून एकही उघडणार नाही.

फेटाळलेला प्रस्ताव

या दोषावर उपाय म्हणून जेसन ओरेनडॉर्फ यांचे एक स्वतंत्र मॉड्यूल अनेक जण वापरीत होते. त्याच धर्तीचे साधन स्टँडर्ड लायब्ररीत यावे, असा प्रस्ताव ब्योर्न लिंडक्विस्ट यांनी २००६ साली मांडला. पायथॉनच्या प्रस्तावांना ‘पेप’ म्हणतात; हा पेप ३५५ होय. तो फेटाळला गेला.

फेटाळण्यामागील कारणे अभ्यासण्यासारखी आहेत. प्रस्तावित मार्ग हा मजकुराचाच एक पोटप्रकार होता. परंतु मजकुरावर करता येणाऱ्या अनेक क्रिया मार्गावर निरर्थक ठरतात. घराच्या पत्त्यातील सर्व अक्षरे मोठी करून काय साधणार? दुसरे असे, की मार्गाशी संबंध असलेले दिसेल ते काम एकाच साधनात कोंबले होते. गरज नाकारली गेली नाही, रचना नाकारली गेली. अधिक माफक प्रस्ताव आल्यास तो पटण्याजोगा असेल, असे निकालातच नमूद होते.

स्वीकारलेला प्रस्ताव

जुलै २०१२ मध्ये आंत्वान पित्रू यांनी पेप ४२८ मांडला. तो स्वीकारला गेला आणि १६ मार्च २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या पायथॉन ३.४ मध्ये ‘पाथलिब’ हे मॉड्यूल आले. त्यात मार्ग हा मजकुराचा पोटप्रकार राहिला नाही. त्याला स्वतंत्र अस्तित्व मिळाले.

पित्रू यांनी मार्गाचे दोन वर्ग केले. पहिला शुद्ध मार्ग. पाकिटावरचा पत्ता वाचून गाव कोणते, पेठ कोणती हे सांगावे, तसे हे काम. त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. त्यामुळे लिनक्सवर बसूनही विंडोजच्या मार्गाचे टप्पे बरोबर उलगडता येतात. दुसरा मूर्त मार्ग. तो प्रत्यक्ष दार ठोठावतो : फाइल आहे काय, फोल्डरात काय काय आहे, हे डिस्कला विचारतो. टप्पे जोडण्यासाठी भागाकाराचे चिन्ह वापरण्याची सोय झाली. लिहिणाऱ्याने सर्वत्र ‘/’ लिहावे. त्या त्या संगणकाला चालेल अशी खूण पाथलिब घालते.

तरीही हे मॉड्यूल प्रथम ‘तात्पुरते’ म्हणूनच घेतले गेले होते, आणि ती सावधगिरी योग्य ठरली. मार्ग मजकूर नसल्यामुळे भाषेची फाइल उघडणारी मूळ आज्ञाच तो स्वीकारीत नव्हती. त्याचे पुन्हा मजकुरात रूपांतर करावे लागे. २०१६ मध्ये ब्रेट कॅनन आणि कूस झेव्हनहोवेन यांच्या पेप ५१९ ने यावर तोड काढली. कोणत्याही वस्तूने ‘माझा मार्ग हा’ असे ठरावीक रीतीने सांगितले, की भाषेतील इतर साधनांनी तो मान्य करावा, असा करार झाला. डिसेंबर २०१६ च्या पायथॉन ३.६ पासून पाथलिब खऱ्या अर्थाने सर्वांच्या उपयोगाचे झाले. पहिल्या प्रस्तावापासून येथवर दहा वर्षे लागली.

‘वऱ्हाड’ हा शब्द

एवढे होऊनही एक काम आपल्यासाठी उरते. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र संकेतांक आहे, त्या रीतीने हा शब्द सहा संकेतांकांत लिहिला जातो. ‘र’ला नुक्ता जोडूनही तोच ‘ऱ’ बनतो. मग संकेतांक सात होतात. तिसरी रीत म्हणजे पाय मोडलेल्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालणे, त्यातही सातच. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात. पण लिनक्स किंवा विंडोजच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे आहेत, आणि पाथलिबही त्यांना एक मानीत नाही.

पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीतील ‘युनिकोडडेटा’ या साधनाने पहिली दोन रूपे एकसारखी करता येतात. तिसरे मात्र त्याने बदलत नाही. म्हणजे मार्गाचे व्याकरण भाषेने ठरविले, तरी नावाचे शुद्धलेखन आपल्यालाच ठरवावे लागेल.

शाळांसाठी चार सूचना

१. यादीत पूर्ण मार्ग न लिहिता मुख्य फोल्डरापासूनचा सापेक्ष मार्ग लिहावा, म्हणजे संगणक बदलला तरी यादी चालेल.

२. फोल्डरांची रचना रजिस्टर, वर्ष, पान अशी ठेवावी. विद्यार्थ्याचे नाव फाइलच्या नावात न घालता यादीतील वेगळ्या रकान्यात लिहावे.

३. मराठी नावे एकाच कीबोर्ड-पद्धतीने टंकित करावीत आणि ती पद्धत दप्तरात लिहून ठेवावी.

४. दरवर्षी यादीतील प्रत्येक मार्गावर फाइल खरोखर आहे काय, हे छोट्या पायथॉन प्रोग्रॅमने तपासावे. हे काम नववी-दहावीचे विद्यार्थीही शिकू शकतात.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी आल्यावर आपापल्या जुन्या शाळेत दोन दिवस द्यावेत आणि एका रजिस्टराची तरी अशी यादी करून द्यावी. त्या रजिस्टरातील एखादी ओळ उद्या कोणाच्या तरी घरी हवी असेल, आणि ती वेळेत सापडली पाहिजे.