फुकटच्या ब्रशाबद्दल तक्रार करावी का?

प्रश्न : मी बोईसरला राहतो. तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड-छपाईच्या कारखान्यात डिझाइन खात्यात आहे. घरी जुन्या लॅपटॉपवर क्रिटा हे चित्र काढायचं फुकट सॉफ्टवेअर वापरून वारली धाटणीचे काठ आणि बेडशीटची डिझाइनं काढतो. बरीच वर्षं ४.४ आवृत्ती वापरली. आता ५.२ टाकली, तर मोठ्या फाइलवर रेघ हाताच्या मागून येते, गेरूच्या भिंतीसारखी पार्श्वभूमी करायचे ओले ब्रश वेगळेच वागतात, आणि मराठी मजकूर लिहायची खिडकी अजून अवघडच आहे. मित्र म्हणतात, फुकट मिळालंय, वर तक्रार कसली? आणि केलीच, तरी परदेशातली माणसं बोईसरच्या माणसाचं ऐकतील का? माझं इंग्रजीही बेताचंच आहे.
— एक वाचक, बोईसर

उत्तर : ऐकतील. पण तुमच्या पत्रात एक नाही, तीन तक्रारी आहेत आणि तिघींची जात वेगळी आहे. पहिली कदाचित तुमच्या मशीनची किंवा सेटिंगची, दुसरी मुद्दाम केलेल्या बदलाची, तिसरी अर्ध्यावर असलेल्या कामाची. तिन्ही एकाच कागदावर लिहून पाठवल्यात तर वाचणारा कपाळाला हात लावेल. एका पत्रात एकच गोष्ट, हा या व्यवहारातला पहिला नियम.

आधी मित्रांच्या टोमण्याचं बघू. क्रिटा फुकट आहे हे खरं, पण ते कुणी दान म्हणून टाकलेलं नाही. मे १९९९ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात ते ‘केइमेजशॉप’ या नावाने सुरू झालं. नाव पुढे दोनदा बदललं. पहिली काही वर्षं ते फोटो दुरुस्त करायचं की चित्र काढायचं, हेच धड ठरत नव्हतं. दहा-एक वर्षांनी निर्णय झाला : फोटोचं काम दुसऱ्यांनी करावं, आपण चित्रकारासाठी. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावच्या हॅला रेम्प्ट यांनी अनेक वर्षं त्याची धुरा सांभाळली आहे. भोवती मोजके पगारी प्रोग्रॅमर आणि बरेच स्वयंसेवक. २०१४, २०१५ आणि २०१६ मध्ये त्यांनी वापरणाऱ्यांकडून जाहीरपणे पैसे गोळा केले. पैसे देणाऱ्यांना पुढे कोणत्या सोयी आधी हव्यात यावर मत द्यायची मुभा होती. २०१७ मध्ये क्रिटाच्या संस्थेवर कराची मोठी रक्कम येऊन पडली, तेव्हाही वापरणाऱ्यांच्या देणग्यांनी वेळ निभावली. म्हणजे गिऱ्हाइकाचं मत ऐकणं हा इथे उपकार नाही, त्यावरच गाडी चालते. स्टीम आणि मायक्रोसॉफ्टच्या दुकानात हेच क्रिटा पैसे देऊन मिळतं आणि तो पैसा कामाला लागतो. ज्याला शक्य आहे त्याने तिथून घ्यावं. ज्याला नाही, त्याने नीट लिहिलेली तक्रार द्यावी. माझ्या मते दोन्हीची किंमत सारखीच आहे.

आता रेघ मागून येण्याचं. तुमच्या धंद्यातलाच हिशोब घेऊ. रोटरी स्क्रीनचा नेहमीचा रिपीट, म्हणजे कापडावर पुन्हा पुन्हा उमटणारा तुकडा, ६४ सेंटिमीटरचा. तो ३०० डीपीआयने काढला तर एका बाजूला सुमारे ७,५५९ पिक्सेल होतात. चौरस घेतला तर पावणेसहा कोटींच्या आसपास पिक्सेल. आठ बिटांच्या रंगात दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक थर सुमारे २२९ एमबीचा. फाइल सोळा बिटांची केली असेल तर तोच थर दुप्पट. गेरूची पार्श्वभूमी, काठ, बुट्टी, नाचाची साखळी असे आठ-दहा थर झाले की आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप धापा टाकणारच. छपाईला जाणारं डिझाइन शेवटी मोजक्या सपाट रंगांत वेगळं होतं. त्याला सोळा बिटांची चैन कशाला? आधी तेवढं तपासा.

मग सेटिंग्जमध्ये कॉन्फिगर क्रिटा उघडा, त्यात डिस्प्लेखाली ग्राफिक्स कार्डाची मदत घेण्याची खूण असते. ती एकदा लावून, एकदा काढून तीच रेघ ओढून बघा. दबाव ओळखणारा पेन-टॅब्लेट असेल तर टॅब्लेटच्या रकान्यात विनटॅब की विंडोज इंक अशी निवड आहे. तीही उलटसुलट करून पाहा. अनेकांच्या रेघेचा आळस एवढ्यानेच जातो. ब्रशाच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’ची खूण असते, तीही लावलेली असू द्या. ती लावली की मोठ्या चित्रावर आधी कमी तपशिलाची रेघ चटकन दिसते आणि खरी रेघ मागाहून भरली जाते. ही सोय २०१५ मध्ये लोकांनी दिलेल्या पैशांतून झाली आणि पुढच्या वर्षी ३.० मध्ये आली. मोठ्या कागदावर क्रिटा रेंगाळतं, ही तुमच्यासारख्यांचीच जुनी रड होती.

एवढं करूनही रेघ मागे राहिली तर ती खरी तक्रार. ती लिहायची कशी? ‘नवी आवृत्ती बेकार आहे, जुनी परत आणा’ हे वाक्य राग म्हणून ठीक आहे, पण त्याचं प्रोग्रॅमर काय करणार? त्याला तुमचा लॅपटॉप दिसत नाही, हात दिसत नाही, कारखाना तर नाहीच नाही. त्याला असं काही लागतं : ‘७,५५९ गुणिले ७,५५९ पिक्सेलची आठ बिटांची नवी फाइल उघडली. अमुक ब्रश, आकार ३०० पिक्सेल. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झर्रकन रेघ ओढली. हात थांबल्यावर दोन सेकंदांनी रेघ पूर्ण झाली. त्याच लॅपटॉपवर ४.४ मध्ये ती हाताबरोबर येत होती.’ काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. या तीन गोष्टी आल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं क्रिटाच देतं. हेल्पच्या यादीत, तक्रारीसोबत जोडण्यासाठी म्हणूनच, तुमच्या मशीनची माहिती दाखवणारी एक नोंद आहे आणि क्रिटाने काय काय केलं याची दैनंदिनीही आहे. दोन्ही कॉपी करून चिकटवायच्या. मोबाइलवर काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडलात तर तुमच्या इंग्रजीकडे कुणी बघणारही नाही. छोटी, साधी वाक्यं लिहा. तिकडच्या अनेकांनाही इंग्रजी ही शिकलेलीच भाषा आहे.

एक धोका मात्र ठळकपणे सांगतो. केडीईच्या तक्रारवहीत तुमच्या नोंदीवर ‘आणखी माहिती हवी’ असा शेरा पडला आणि तुम्ही गप्प राहिलात, तर पंधरा दिवसांनी आपोआप स्मरण येतं आणि तीस दिवसांनी नोंद बंद होते. आपल्याकडचे बरेच लोक इथेच गळतात. तक्रार टाकतात, मग गणपती येतात, लग्नसराई येते, ईमेल उघडायचं राहून जातं, आणि पुढे वर्षभर ‘ते काही ऐकत नाहीत’ असं सांगत फिरतात.

ओल्या ब्रशांचं प्रकरण वेगळं. ५.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली आणि तिच्यात रंग ओढून मिसळणाऱ्या ब्रशाचं आतलं यंत्रच नव्याने लिहिलं गेलं. ब्रश, पॅटर्न, ग्रेडियंट ठेवण्याची सगळी व्यवस्थाही तेव्हाच बदलली. तुम्ही ४.४ वरून थेट ५.२ वर उडी मारलीत, म्हणून तीन वर्षांचे बदल एका सकाळी अंगावर आले. हा दोष म्हणून कळवलात तर ‘हे जाणूनबुजून केलं आहे’ असं उत्तर येईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ब्रश एडिटरमध्ये स्मजच्या रकान्यात नवी पद्धत वापरण्याची खूण असते. ती काढून तोच ब्रश पुन्हा ओढून बघा. जुने ब्रश बंडल म्हणून जपले असतील तर ते सेटिंग्जमधून रिसोर्स लायब्ररीत पुन्हा आणता येतात. आणि कारखान्याचं चालू काम हातात असताना नवी आवृत्ती जुनीच्या डोक्यावर बसवू नका. विंडोजसाठी क्रिटाची झिप आवृत्तीही मिळते, ती वेगळ्या फोल्डरात उघडून चालवता येते. काम एका आवृत्तीत, प्रयोग दुसऱ्या आवृत्तीत, आणि तोही मूळ फाइलची प्रत काढून.

तुम्ही वारलीचा उल्लेख केलात म्हणून थोडं थांबतो, कारण दोष नसलेल्या पण सांगण्यासारख्या गोष्टी इथेच सापडतील. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या हातात सत्तरच्या दशकात कागद आला. त्याआधी हे चित्र भिंतीचं होतं, आणि लग्नातला चौक लिहिणं हे सवाशिणींचं काम. भिंतीचा कागद झाला तसे विषय वाढले, काढणारे हात बदलले, चित्र विकता येऊ लागलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. साधन बदललं, तरी तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ आणि बांबूची चावून मऊ केलेली काडी यांचा स्वभाव त्या चित्रात राहिला. काडी भिजवली की रेघ सुरुवातीला भरीव येते, थोडं पुढे गेल्यावर सुकते, तुटते, मग पुन्हा काडी बुडवायची. तारपा नाचाच्या वळणात नीट पाहिलंत तर प्रत्येक माणसाच्या अंगात हे बुडवणं दिसतं.

संगणकावरची वारली बहुतेकदा निर्जीव वाटते, ती याच ठिकाणी. त्रिकोण बरोबर असतात, रेघ मात्र एका जाडीची आणि गुळगुळीत. त्यात रेघ सफाईदार करणारा स्टॅबिलायझर लावला की हाताचा उरलासुरला थरकापही पुसला जातो. तुम्ही तो बंद करून काढा. ब्रश एडिटरमध्ये अपारदर्शकतेला दाबाऐवजी ‘डिस्टन्स’ हा सेन्सर जोडा आणि त्याची वक्ररेषा उतरती ठेवा. रेघ जितकी लांब जाईल तितकी फिकी होत जाईल आणि पेन उचलून टेकवला की पुन्हा भरीव. आकाराला थोडा ‘फझी’ जोडला तर कड खडबडीत येते. कारखान्यात हे फिकेपण छपाईच्या स्क्रीनवर नीट उतरणार नाही, तिथे ते खडबडीत कडेवरच भागवावं लागेल. स्क्रीन करणाऱ्याशी आधी बोलून घ्या.

तुमच्याकडून जाण्यासारखी खरी सूचना कापडाची आहे. क्रिटात डब्ल्यूची कळ दाबली की चित्र चारही बाजूंना स्वतःलाच जोडून दिसतं आणि रिपीटचा सांधा काढता काढताच जुळवता येतो. कापडाचं डिझाइन करणाऱ्याला ही सोय म्हणजे पर्वणी. पण ते रिपीट सरळ रांगेत लागतात. बेडशीटवर सरळ रिपीट लावला की बुट्ट्यांचे पट्टे उठून दिसतात, म्हणून तुम्ही लोक हाफ-ड्रॉप वापरता, शेजारची उभी रांग अर्ध्याने खाली. कॉमिक्स काढणाऱ्याच्या हे मनातही येणार नाही. ते हवं असेल तर ‘अमुक बटण द्या’ असं लिहू नका. सरळ रिपीटमध्ये कापड कसं दिसतं, हाफ-ड्रॉपमध्ये कसं, सध्या तुम्ही चित्र अर्ध्याने सरकवून सांधा कसा तपासता, त्यात कुठे चूक होते, हे दोन चित्रांसह दाखवा. बटण कुठे बसवायचं ते त्यांना कळतं. त्यांना तुमचं काम कळत नाही.

मराठी मजकुराची खिडकी अवघड आहे हे मान्य. ५.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तेव्हा मजकूर मांडणारं आतलं यंत्र संपूर्ण नव्याने लिहिलेलं होतं. जोडाक्षरं आणि वेलांट्या असलेल्या लिप्यांना त्याचा फायदा आहे. पण मजकूर भरायची खिडकी जुनीच राहिली, थेट चित्रावर टाइप करण्याचं काम पुढच्या टप्प्यासाठी ठेवलं गेलं. तेव्हा खिडकीबद्दल पुन्हा तेच कळवण्यात अर्थ नाही, ते त्यांना ठाऊक आहे. अक्षरांबद्दल मात्र कळवा. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असतात, आणि सॉफ्टवेअरने भाषा मराठी आहे हे फाँटला सांगितलं तरच आपली रूपं उमटतात. ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतला अर्धा र नीट बसतो का, तेही पाहायचं. ‘लाल शाल’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ असे चार शब्द दोन-तीन फाँटांत लिहा, मजकुराची भाषा मराठी ठरवता आली तर ठरवून आणि नाही तर तशीच, आणि जसे दिसले तसे कळवा. शेजारी अपेक्षित रूप हाताने लिहून त्याचा फोटो लावा. हे पाहायला डेव्हेंटरमध्ये मराठी वाचणारं कुणी सापडणं कठीण.

शेवटी तुम्ही न विचारलेली, पण कारखान्यातल्या माणसाला हमखास पडणारी शंका. फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं डिझाइन फुकट वाटावं लागतं का? नाही. क्रिटाचा परवाना क्रिटाच्या प्रोग्रॅमला लागू आहे, तुमच्या चित्राला नाही. ते विकायचं, कारखान्याला द्यायचं की स्वतःकडे ठेवायचं, हा तुमचा आणि मालकाचा करार. मात्र ‘वारली चित्रकला’ हे नाव भौगोलिक निर्देशांकाखाली नोंदलेलं आहे, तेव्हा बेडशीटच्या पाकिटावर ‘अस्सल वारली’ असं छापण्याआधी मालकाला वकिलाचा सल्ला घ्यायला सांगा.