कोटीपोटातील जिवाणू आणि माणसाचे आतडे

खळ्यावर मोकळा सुटलेला बैल ज्वारीच्या राशीस तोंड लावतो, पोटभर दाणे खातो आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही, हा प्रकार बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांस नवा नाही. विषबाधा झाली असे पुष्कळदा समजले जाते. वस्तुतः दाण्यात विष नसते. बैलाच्या कोटीपोटात असंख्य जिवाणू राहतात व कडब्याचे पचन तेच घडवून आणतात. एकाएकी पिष्टमय दाणा मिळाला म्हणजे त्यांतील काही जाती भराभर वाढून दुग्धाम्ल तयार करतात, पोट आंबते व जनावर दगावते. ऊसतोडणीस निघालेला जाणता गाडीवान बैलांना कडब्यावरून उसाच्या वाढ्यांवर हळूहळू आणतो, कारण जिवाणूंची वस्ती नव्या चाऱ्यास जुळण्यास अवधी लागतो.

माणसास कोटीपोट नाही. तथापि त्याच्या मोठ्या आतड्यात अशीच वस्ती असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबाप्रमाणे मनुष्यदेहातील जिवाणूंची संख्या देहाच्या पेशींइतकीच, किंबहुना थोडी अधिक, भरते. वजन मात्र सुमारे २०० ग्रॅम. भाकरी व डाळीतील जो तंतुमय भाग आपल्या पाचकरसांना पचत नाही, तो यांचे खाद्य होय. त्यापासून ते जी आम्ले बनवितात, त्यांतील एकावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते.

या जिवाणूंचा अभ्यास फार काळ अडून राहिला होता. त्यांतील बहुतेकांस प्राणवायू मारक असल्याने उघड्या बशीत ते वाढत नाहीत. ही अडचण सुटली ती गुरांमुळे. अमेरिकेतील हंगेट या शास्त्रज्ञाने कोटीपोटातील जिवाणू वाढविण्यासाठी १९४० नंतरच्या दशकात एक पद्धत बसविली. काचनळीतील हवा काढून तेथे कर्बवायू भरावयाचा, आगर घातलेले पातळ खाद्य व जिवाणू आत सोडून नळी बंद करावयाची आणि गार करताना ती फिरवीत राहावयाची, म्हणजे खाद्याचा पातळ थर नळीच्या आतील अंगास बसतो व त्यावर वसाहती उठतात. पुढे माणसाच्या आतड्यातील जिवाणूही याच रीतीने वाढविण्यात आले.

एवढे करूनही पुष्कळ जाती वाढत नाहीत. म्हणून आता विष्ठेच्या नमुन्यातून सर्व जिवाणूंचे आनुवंशिक द्रव्य एकत्र काढतात आणि त्यातील एक ठराविक जनुक वाचतात. हे जनुक सर्व जिवाणूंत असते, परंतु जातीपरत्वे थोडे निराळे. गुरांच्या कानातील बिल्ल्यासारखाच त्याचा उपयोग होतो. अर्थात बिल्ल्यावरून जनावर ओळखता येते, ते दूध किती देते हे कळत नाही. त्यासाठी जिवंत जिवाणूच हाती लागतो.

पुण्यातील संशोधकांनी म्हणूनच दोन्ही पद्धती वापरल्या. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छताखाली राहूनही प्रत्येकाची जिवाणूवस्ती वेगळी आढळली आणि तिच्यातील दोन प्रमुख गटांचे प्रमाण वयाबरोबर पालटत होते. दोन कुटुंबांवरून देशाचे अनुमान काढता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. याच केंद्राच्या २०१६ च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला व मेगास्फेरा हे जिवाणू विशेष प्रमाणात दिसले. मेगास्फेराची एक जात बैलाच्या कोटीपोटात दुग्धाम्ल खाऊन राहते, हे येथे सांगण्याजोगे आहे.

प्रतिजैविक औषध रोगजंतूंबरोबर या उपयुक्त वस्तीवरही पडते. वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर काही रुग्णांना एका विशिष्ट जंतूचे हट्टी जुलाब जडतात. कोटीपोट बिघडलेल्या जनावरास निरोगी जनावराच्या पोटातील द्रव पाजण्याचा उपचार पशुवैद्यांत जुना आहे. डच डॉक्टरांनी तसाच उपाय माणसांवर करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी माणसाच्या विष्ठेचा तपासलेला द्रव आतड्यात सोडल्यावर १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. हा उपचार रुग्णालयातच करावयाचा असतो, घरी कदापि नव्हे.

मुलास जुलाब लागल्यास घरात उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देऊ नयेत. जलसंजीवनी पाजावी, अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. शौचावाटे रक्त पडल्यास किंवा मूल मलूल झाल्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. गायीच्या कासेत औषध सोडले असेल तर वेष्टनावर दिलेली मुदत संपेपर्यंत तिचे दूध घरी वापरू नये व डेअरीसही घालू नये.