पत्नीच्या व्हिसाचा जामीन : सही करण्यापूर्वी हिशेब तपासा

जळगावच्या दालमिलमधील मुनीम असो की धुळ्याचा पॉवरलूमवाला, 'जामीन' म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नाही. पतसंस्थेचे कर्ज एकाने घ्यायचे, हप्ते त्यानेच थकवायचे आणि नोटीस मात्र जामीनदाराच्या दारात यायची, हे प्रत्येक मोहल्ल्याने पाहिले आहे. असे असूनही अमेरिकेत राहणारा आपला मुलगा किंवा जावई पत्नीला तिकडे नेण्यासाठी जो आर्थिक हमीचा कागद भरतो, त्याकडे घरातील मंडळी "एक फॉर्म राहिलाय" एवढ्याच नजरेने पाहतात. हा नुसता फॉर्म नाही. हा जामीन आहे आणि तो पतसंस्थेच्या जामिनापेक्षा लांब चालतो.

आखात वेगळे, अमेरिका वेगळी

खान्देशातील अनेक कुटुंबांना आखाताची पद्धत ठाऊक आहे. तेथे नवरा पगाराचा दाखला आणि घराचा भाडेकरार दाखवून कुटुंबाला बोलावतो. नोकरी गेली की कुटुंबाचा परवानाही अडचणीत येतो. अमेरिकेत पत्नी कायमची रहिवासी म्हणून जाते. म्हणून तेथील सरकार नवऱ्याकडून लेखी करार करून घेते की, हिचा भार सरकारवर पडू देणार नाही. या कराराचे नाव 'ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट', फॉर्म आय-८६४. १९९६ च्या कायद्याने त्याला कोर्टात बजावता येणाऱ्या कराराचे रूप दिले आणि १९ डिसेंबर १९९७ पासून तो लागू झाला. पाहुणा म्हणून येणाऱ्यासाठी वापरला जाणारा आय-१३४ हा फॉर्म वेगळा आहे. पत्नीच्या इमिग्रंट व्हिसासाठी तो चालत नाही.

क्रम असा आहे. नवरा प्रथम आय-१३० हा अर्ज करतो. तो मंजूर झाला की फाईल 'नॅशनल व्हिसा सेंटर'कडे जाते. तेथे फी भरून पत्नीचा डीएस-२६० अर्ज, दाखले आणि नवऱ्याचा आय-८६४ सादर करायचा असतो. मग मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. हमीचे कागद अपुरे निघाले तर कलम २२१(जी) खाली व्हिसा रोखून धरतात आणि महिने निघून जातात.

माणसे मोजताना चूक नको

उत्पन्नाची अट सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या तक्त्यावरून ठरते. त्या रकमेच्या १२५ टक्के उत्पन्न हवे. नवरा अमेरिकन सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असेल तर पत्नीसाठी १०० टक्के पुरते. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे अलास्का व हवाई सोडून इतर राज्यांत दोन माणसांच्या घरासाठी २६,४३७ डॉलर आणि तीन माणसांसाठी ३३,३१२ डॉलर वर्षाला लागत. तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवशी नवा पाहावा.

खरी चूक माणसे मोजण्यात होते. स्वतः नवरा, येणारी पत्नी, त्याची २१ वर्षांखालील अविवाहित मुले (वेगळी राहत असली तरी), कर विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवलेली माणसे, आणि पूर्वी ज्यांच्यासाठी आय-८६४ भरला व ज्याची जबाबदारी अजून चालू आहे अशी सर्व माणसे धरावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. एका नागरिक नवऱ्याचे वर्षाचे उत्पन्न २७,००० डॉलर आहे. "आम्ही दोघे, म्हणजे २६,४३७ पुरे" असे तो समजतो. परंतु काही वर्षांपूर्वी त्याने आईला याच फॉर्मवर बोलावले होते. आईचा जामीन अजून संपलेला नाही. म्हणजे माणसे तीन, लागणारी रक्कम ३३,३१२ आणि तूट ६,३१२ डॉलरची. ही तूट मुलाखतीच्या दिवशी कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी.

गल्ला नव्हे, नफा

नोकरदाराचे काम सोपे असते. शेवटच्या वर्षाचे केंद्रीय आयकर विवरण किंवा आयआरएसचा उतारा, मालकाने दिलेला डब्ल्यू-२, शिवाय चालू पगाराच्या पावत्या व मालकाचे पत्र जोडले की चित्र स्पष्ट होते. अडचण येते ती दुकान, टॅक्सी किंवा छोटा धंदा करणाऱ्यांची. वर्षभरात गल्ल्यात किती आले हे तेथे विचारत नाहीत. खर्च वजा जाता विवरणपत्रात जो नफा दाखवला, तोच उत्पन्नात धरतात. कर वाचवण्यासाठी ज्याने नफा कमी दाखवला, त्याला पत्नीच्या वेळी "माझे खरे उत्पन्न जास्त आहे" असे सांगता येत नाही. ज्याच्यावर विवरण भरण्याचे बंधन होते आणि ज्याने ते भरले नाही, त्याला आधी ते भरावे लागते. धंदा करणाऱ्याने निकाह ठरल्या दिवसापासूनच वह्या साफ ठेवाव्यात, हा यातला पहिला धडा.

कमी पडले तर तीन वाटा

पहिली वाट, त्याच घरात राहणाऱ्या कमावत्या नातेवाइकाने आय-८६४ए वर सही करून आपले उत्पन्न जोडणे. दुसरी, मालमत्ता दाखवणे. नागरिकाच्या पत्नीसाठी तुटीच्या तिप्पट निव्वळ मालमत्ता लागते, म्हणजे वरच्या उदाहरणात १८,९३६ डॉलर. नवरा फक्त ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट, म्हणजे ३१,५६० डॉलर. मालमत्ता वर्षभरात आणि मोठे नुकसान न सोसता रोख करता येण्यासारखी हवी. यात पत्नीच्या स्वतःच्या नावावरील जळगावचा प्लॉट किंवा बँकेतील ठेवही धरता येते. मात्र मालकी, किंमत, त्यावरील बोजा आणि तो पैसा देशाबाहेर नेता येईल याचा पुरावा द्यावा लागतो.

तिसरी वाट सहजामीनदाराची. तो नातेवाईकच असावा असे नाही, पण १८ वर्षे पूर्ण झालेला, अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि तेथेच वास्तव्य असलेला हवा. त्याचे उत्पन्न त्याचे घर आणि येणारी पत्नी मिळून पुरे पडले पाहिजे. सहजामीनदार मिळाला तरी नवऱ्याचा स्वतःचा आय-८६४ चुकत नाही. रावेरला सासऱ्यांची केळीची मोठी बाग असेल, तरी ते तेथे राहत नसल्याने जामीनदार होऊ शकत नाहीत. येथे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेली त्यांची हमी त्या फाईलमध्ये आय-८६४ ची जागा घेत नाही.

निकाहनामा आणि नावाची स्पेलिंग

पैशाचे कागद चोख असूनही फाईल नावावर अडते. निकाहनाम्यासोबत महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालील विवाह नोंदणी प्रमाणपत्र महानगरपालिकेतून, नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून घेऊन ठेवावे. निकाहनामा उर्दूत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि आय-८६४ यांत एकच स्पेलिंग ठेवावे. नागरिकाच्या पत्नीबरोबर मुले जाणार असतील तर प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो, हेही विसरू नये.

जामीन कधी संपतो?

ही जबाबदारी मुख्यतः चार प्रसंगी संपते. पत्नी अमेरिकेची नागरिक झाली, तिच्या खाती कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या (म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम), ती कायमची रहिवासी न राहता तो देश सोडून गेली, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला. या यादीत तलाक नाही. संबंध तुटले तरी जामीन राहतो. पत्नी त्या आधारे कोर्टात खर्च मागू शकते आणि तिने गरजूंसाठीची सरकारी मदत घेतली तर ती देणारे खाते जामीनदाराकडून वसुली करू शकते. मेहेर आणि इद्दतचा खर्च देऊन आपण मोकळे झालो, असे नवऱ्याला येथे म्हणता येणार नाही. आय-८६४ए वर सही करणारा भाऊ आणि भलेपणाने पुढे आलेला सहजामीनदारही तितकाच बांधला जातो. पत्ता बदलला तर ३० दिवसांत आय-८६५ भरून कळवणेही आय-८६४ भरणाऱ्यावर बंधनकारक आहे.

म्हणून सही करणाऱ्याने आधी माणसे मोजावीत, मग विवरणपत्र समोर ठेवून आकडा लिहावा, आणि मित्राला सहजामीनदार होण्यास सांगताना वरची चारही कलमे त्याला वाचून दाखवावीत. मुलीच्या वडिलांनी या फॉर्मची पूर्ण प्रत मागून घ्यावी आणि ती मुलीच्या स्वतःच्या कागदांत ठेवावी. यात जावयावर अविश्वास नाही. परदेशात तिच्या नावाने दिलेल्या शब्दाची ती पावती आहे, आणि पावती जिची तिच्याकडे असावी.