मुलीला फुटबॉल अकादमीत घालताना

मुलगी फुटबॉल छान खेळते, शाळेच्या संघातून जिल्ह्यापर्यंत पोहोचलीही. पण पुढे काय? दहावीचं काय? मुलीला क्लबच्या अकादमीत घालायचं म्हटलं की घरोघरी हेच प्रश्न निघतात. ते रास्तच आहेत. तेराव्या-चौदाव्या वर्षी अनेक मुली खेळ सोडतात, त्यामागे बहुधा गुणवत्तेची कमतरता नसते. मैदान लांब असतं, सराव अंधार पडेपर्यंत चालतो, मुलींचा वेगळा संघ नसतो आणि परीक्षा तोंडावर असते. मुलीला या वयात खेळात टिकवून ठेवते, ती अकादमी चांगली.

बार्सिलोनाची ऐताना बोनमाती लहानपणी गावात मुलांच्या संघातून खेळायची. किशोरवयात ती बार्सिलोना क्लबच्या मुलींच्या संघात आली, तेव्हा वडील तिला बस-ट्रेनने सरावाला न्यायचे. या क्लबचं ‘ला मासिया’ हे वसतिगृह मुलांसाठी 1979 मध्ये सुरू झालं. मुलींना तिथे राहायला जागा मिळाली ती 2021 मध्ये. ऐतानाने खेळता खेळता क्रीडाविज्ञानाची पदवी घेतली आणि 2023, 2024, 2025 असा सलग तीन वर्षं बॅलन डी’ओर हा सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा पुरस्कार पटकावला.

आपल्याकडची वाट अरुंद आहे, पण आहे. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातली मनीषा कल्याण गोकुलम केरळकडून इंडियन विमेन्स लीग खेळली, 2021 मध्ये तिने ब्राझीलविरुद्ध गोल केला आणि 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून ती युएफा विमेन्स चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिथे खेळणारी ती पहिली भारतीय.

पैशांचं चित्र मात्र स्पष्ट माहीत असावं. इंडियन विमेन्स लीगमधल्या अव्वल क्लबांनी किमान 10 भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3.2 लाख रुपये द्यावेत, असं भारतीय फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये ठरवलं. एवढ्यावर आयुष्य बेतता येत नाही, म्हणून शिक्षण सुटता कामा नये. महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना दहावी-बारावीला क्रीडागुण आणि सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. दोन्हींचे निकष स्पर्धेच्या दर्जावर ठरतात, त्यामुळे प्रत्येक अधिकृत स्पर्धेचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावं. प्रशिक्षक, पंच, फिजिओ हे रस्तेही खुले आहेत. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आंतरराष्ट्रीय सहायक पंच झाल्या.

गुडघा हा मुलींच्या बाबतीत वेगळा विषय. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. स्पेनच्या अलेक्सिया पुतेयाससारखी अव्वल खेळाडू याच दुखापतीमुळे 2022 च्या युरो स्पर्धेला मुकली. यावर उपाय आहे. ‘फिफा 11+’ हा साधारण वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केला, तर दुखापती घटतात. त्यात मुली उडी मारून खाली येतात, तेव्हा गुडघे आत वळतात की पावलांच्या रेषेत राहतात, हे प्रशिक्षकाने एकेकीचं पाहायचं असतं.

म्हणून फी भरण्याआधी पालकांनी दोन-तीन सराव मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावेत. वॉर्म-अप उरकला जातो की नीट घेतला जातो? प्रशिक्षकाकडे महासंघाचं लायसन्स आहे का? एखादी महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक हजर असते का? कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह आहे का? पाळीच्या दिवसांत त्रास होतोय, हे मुलगी न संकोचता सांगू शकते का? वर्षभरात मुलींच्या किती मॅच झाल्या, परीक्षेच्या महिन्यात सरावाचं वेळापत्रक कसं बदललं? ही उत्तरं जुन्या मुलींच्या पालकांकडूनही पडताळून घ्यावीत.