खिळे, पत्रे आणि जावास्क्रिप्ट

पुण्यातली नोकरी सोडून कोकणातल्या खेडला परत आलो तेव्हा मला वेबसाइटी करण्यापलीकडे काही येत नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते बाजारपेठेतले हार्डवेअरवाले काका. "वेबसाइट नको रे, बिलं फाडायचं काहीतरी कर." तेच एचटीएमएल, तेच जावास्क्रिप्ट घेऊन गल्ल्यावर उतरलो. धीर एवढाच होता, की आईच्या जिओफोनमधलं कायओएससुद्धा आतून वेबच आहे. पुढे शिकलो ते असं.

१. ब्राउझर दिसत नाही म्हणजे तो नसतो असं नाही.
इलेक्ट्रॉनवर केलेलं प्रत्येक अ‍ॅप आपला वेगळा क्रोमियम ब्राउझर पाठीवर घेऊन येतं. व्हीएस कोडही तसंच बांधलेलं, पण ते माझ्या लॅपटॉपवर. काकांच्या दोन जीबी रॅमच्या पीसीवर माझं अ‍ॅप उघडेपर्यंत गिऱ्हाईक पैसे ठेवून निघून जाई. नंतर टॉरीकडे वळलो. ते विंडोजचाच वेबव्ह्यू वापरतं, म्हणून इन्स्टॉलर थोडक्या एमबींत आटोपतो. पण २०२१ च्या पुरात पहिला पीसी गेल्यावर काकांनी सेकंडहँड पीसी आणला तो विंडोज ७ चा, आणि २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनने आणि त्या वेबव्ह्यूनेही विंडोज ७ ची साथ सोडली. "नवा घ्या" एवढं सांगायला मला दोन चहा लागले.

२. सगळं शहाणपण प्रिंटरपाशी संपतं.
ब्राउझरातून प्रिंट दिली की दोन इंची रोलवर समास सोडून मुंगीएवढी अक्षरं यायची. मग थेट प्रिंटरच्या भाषेत आज्ञा पाठवल्या. इंग्रजी झकास, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, कारण त्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी नव्हतीच. काकांनी चष्मा कपाळावर नेला. "हे खिळे म्हणायचे?"
'खिळे'मधली वेलांटी संगणक 'ख'च्या मागून साठवतो, दाखवताना मात्र ती आधी यावी लागते. 'पत्रे'मध्ये त आणि र यांचा सांधा जुळवावा लागतो. ही करामत ब्राउझरचं इंजिन रोज मुकाट्याने करत असतं, आपल्याला पत्ताही नसतो. तेव्हा अख्खं बिल आधी कॅनव्हासवर लिहिलं, त्याचं काळं-पांढरं चित्र केलं (छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे बरोबर ३८४) आणि ते चित्रच प्रिंटरला दिलं. 'सिमेंट पत्रे – ६ नग' असं स्वच्छ उमटलं. ते पहिलं बिल काकांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. थर्मलचा कागद, आता त्यावर काहीच दिसत नाही, चालायचंच.

३. नेट आहे असं धरून चालू नये.
सर्व्हिस वर्कर अ‍ॅपच्या फायली यंत्रावरच ठेवतो, बिलं इंडेक्स्ड डीबीत पडतात. त्यामुळे पावसात रेंज गेली तरी गल्ला चालतो. जुलै २०२१ मध्ये जगबुडी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि काकांचा पहिला पीसी गाळात गेला. त्यांच्या मोबाइलवर तेच अ‍ॅप होतं, त्यात सर्व्हरवरून आलेली आदल्या संध्याकाळपर्यंतची उधारी शाबूत. गाळ उपसता उपसता ते म्हणाले, "माल गेला, उधारी तरली. लोकांचं नशीब वाईट!"

४. ब्राउझरचं कोठार म्हणजे तिजोरी नव्हे.
दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने 'फोन स्लो झालाय' म्हणून सगळा साइट डेटा पुसला. दिवसभराची बिलं गेली. चूक माझी, कारण मी बिलं रात्री एकदाच सर्व्हरला पाठवत होतो. आता जोडणी मिळाली की आधी बिलं जातात, बाकी सगळं नंतर.

५. दोन यंत्रं एकच नंबर देतात.
एका पावसाळ्यात गल्ला ऑफलाइन आणि भरणे नाक्याजवळच्या गोदामातला फोनही ऑफलाइन. दोघांनी ४१२ नंबरचं बिल फाडलं. मी दोन रात्री तोडगा शोधत बसलो. जीएसटीत बिलाचे नंबर क्रमाने लागतात, पण मालिका एकापेक्षा जास्त चालतात. नंबर १६ अक्षरांच्या आत हवा, एवढंच. दुकानाला 'डी', गोदामाला 'जी' लावून मोकळा झालो आणि मोठ्या उत्साहात काकांना दाखवायला गेलो. त्यांनी खणातून जुनी बिलबुकं काढली. दुकानाची पिवळी, गोदामाची गुलाबी, दोन्हींचे नंबर वेगळे. "तू विचारलंस कुठे?"