दुबार पेरणी

आर्णी, जि. यवतमाळ
दि. १८ जुलै

चि. बाळास,


काल रात्री ताईचा फोन आला. अमेरिकेचा व्हिसा नाकारल्याला नऊ दिवस झाले, पण तू अजून नागपूरला मित्राच्या खोलीवरच आहेस. आर्णीच्या स्टँडवर उतरलो की लोक विचारतील, म्हणून घरी यायला तयार नाहीस, असं ती सांगत होती. फोनवर तू ‘हो मामा, बरं मामा’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून पत्र लिहितो आहे. सावकाश वाच.

तू दहावीत होतास तेव्हाचा जून आठवतो का? एक पाऊस पडला, सगळ्यांनी सोयाबीन पेरलं आणि पुढे अठरा दिवस आभाळ कोरडं गेलं. भाऊजी तासात उकिडवे बसले, बोटाने माती उकरली आणि बी तळहातावर घेऊन पाहिलं. कोंब फुटून करपला होता. म्हणजे बियाणं खरं होतं, ओल कमी पडली होती. तेवढं कळल्यावरही त्यांनी घाई केली नाही. चांगला पाऊस होऊन ओल खाली उतरली, तेव्हाच बियाण्याची दुसरी बॅग फोडली. तुलाही आता दुबार पेरणी करायची आहे. त्याआधी आपण माती उकरून बघू.

मुंबईच्या वकिलातीत तुझ्या हाती दिलेल्या कागदाचा फोटो ताईने मला पाठवला. त्यावर २१४ (बी) हे कलम आहे. हे अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं. विद्यार्थी व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायलाच येतो आहे, असं हा कायदा धरून चालतो. तसं नाही, शिकायला जातो आहे, हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. तू नालायक आहेस, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. दोन-तीन मिनिटांत अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. या निर्णयावर अपील नाही. पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नाही. २२१ (जी) लिहिलं असतं, तर कागद अपुरे किंवा तपासणी बाकी असा अर्थ झाला असता. म्हणून आधी कलम वाचायचं, मग औषध शोधायचं.

मी तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. कागदांची जाडी पाहून आम्ही कधी कर्ज मंजूर केलं नाही. अर्ज, खातं आणि समोरच्या माणसाचं बोलणं या तिन्हींतून एकच गोष्ट निघते का, तेवढं पाहायचो. तुझी गोष्ट तीन ठिकाणी तीन निघाली. ऑनलाइन अर्जात तू खर्च करणारे म्हणून वडील लिहिलेस. विद्यापीठाला आय-२० या प्रवेशाच्या कागदासाठी शैक्षणिक कर्ज दाखवलंस, आणि ते कर्ज तेव्हा मंजूरही नव्हतं, नुसता अर्ज दिलेला होता. खिडकीवर विचारल्यावर म्हणालास, ‘माझे मामा.’ तिन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं होतं, पण काचेपलीकडच्या माणसाला ते कसं कळावं?

यात माझीही चूक आहे. निवृत्तीच्या पैशातले आठ लाख मी मुलाखतीच्या आठ दिवस आधी भाऊजींच्या खात्यात टाकले. त्या पासबुकात वर्षभर कापसाचे आणि तुरीचे पैसे येतात, पेरणीला जातात, शिल्लक चाळीस-पन्नास हजारांवर राहते. आणि एकदम आठ लाख! बँकेत असताना असं पासबुक माझ्यासमोर आलं असतं, तर मीही पहिला प्रश्न तोच विचारला असता. आपले पैसे चोरीचे नाहीत. ते कुठून आले हे कागदावर यायला हवं होतं, ते मी पाहिलं नाही.

शेतकऱ्याच्या घरची ही अडचण खरी आहे. पगाराची स्लिप नाही, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पैसा वर्षातून दोनदा येतो. मग आपल्याकडे जे आहे ते नीट मांडायचं. सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या तारखांशी जुळणाऱ्या पासबुकातल्या नोंदी. माझे पैसे वापरायचे तर माझं पत्र, माझं खातं आणि निवृत्तीच्या रकमेचा कागद सोबत लाव, आणि अर्जातही माझं नाव लिही. शेतजमीन बँका बहुधा तारण घेत नाहीत, म्हणून घराच्या कागदांवर कर्ज करू. मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय कर्जाचं नाव काढायचं नाही. पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च तयार आणि पुढच्याची सोय स्पष्ट, असं चित्र दिसलं पाहिजे. सातबाऱ्यावर भाऊजींच्या नावात ‘राव’ आहे, आधारवर नाही. तेही आताच दुरुस्त करून घेऊ.

दुसरी गोष्ट तुझ्या बोलण्याची. ‘हेच विद्यापीठ का?’ यावर तू म्हणालास, ‘रँकिंग चांगलं आहे.’ हे उत्तर कन्सल्टन्सीने तुझ्यासारख्या कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतलं असेल. मेकॅनिकल शिकलेला मुलगा डेटा ॲनालिटिक्सकडे का वळतो, हे तू मला आपल्या ओसरीवर किती छान सांगितलं होतंस! जिनिंगमध्ये काम करताना यंत्र बंद पडण्याच्या नोंदी तू वहीत लिहायचास, त्यातून बिघाड आधी ओळखता येईल असं तुला वाटलं, आणि त्या विद्यापीठात नेमका तोच विषय शिकवणारे प्राध्यापक आहेत. हे खिडकीवर का नाही सांगितलंस? चार वाक्यांत, साध्या इंग्रजीत सांगायचं. परत येऊन काय करणार, याचंही खरं उत्तर तुझ्याजवळ आहे. ते पाठ करू नकोस, त्याचा विचार पक्का कर.

आता त्या कन्सल्टन्सीचा सल्ला. आठवड्यात पुन्हा अर्ज कर म्हणतात. फंड दाखवायला महिनाभरासाठी पैसे लावून देतो म्हणतात. नाहीतर देश बदल, आधीचा नकार लिहू नकोस म्हणतात. यातलं एकही ऐकायचं नाही. काही न बदलता केलेला अर्ज म्हणजे आणखी १८५ डॉलर आणि आणखी एक नकार. खोटा कागद किंवा लपवलेली माहिती उघडी पडली तर अमेरिकेत आयुष्यभराची बंदी येऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, कॅनडात पाच वर्षांची. आज तुझ्या नावावर आहे तो नकार धुऊन निघणारा आहे. खोटेपणाचा शिक्का निघत नाही. बहुतेक देशांच्या अर्जात आधी कुठे व्हिसा नाकारला का, असा प्रश्न असतोच. तिथे ‘होय’ लिही आणि कारण दोन ओळींत दे.

देश बदलायचाच असेल तर विचाराने बदल. ब्रिटनला लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहावी लागते, एक दिवसही कमी चालत नाही. जर्मनीसाठी २०२२ पासून आपल्या मुलांना शैक्षणिक कागद तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच ठेवावे लागतात. प्रत्येक दाराला वेगळी कडी आहे.

माझं मत सांगतो. विद्यापीठाला आजच ईमेल कर आणि प्रवेश जानेवारीवर ढकलून मिळतो का ते विचार. मिळाला तर नव्या तारखेचा आय-२० घे. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी भरलेली आहे. नकारानंतर बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ती पुन्हा भरावी लागत नाही. अर्ज मात्र नवा भरायचा, जुना समोर ठेवून, प्रत्येक रकाना स्वतः वाचून. कन्सल्टन्सीच्या मुलाला भरू देऊ नकोस. खाली सही तुझी असते.

बाबासाहेबांची गोष्ट तू शाळेत भाषणात सांगायचास. तिच्यातला एक भाग आता पुन्हा वाच. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. इथे आल्यावर सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. तिथेही डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो दुरुस्त करून त्यांनी पुन्हा दिला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली. मधली तीन वर्षं त्यांनी तयारीत घातली. तुला पाच-सहा महिने मिळत आहेत.

लोक विचारतील, विचारू दे. ‘या वेळी नाही झालं, जानेवारीचा प्रयत्न आहे’ एवढं सांगायचं आणि पुढे चालायचं. शेतात निंदण सुरू आहे, भाऊजी एकटेच आहेत. ते तुला काही बोलणार नाहीत, पण रोज संध्याकाळी नागपूरची गाडी येते तेव्हा फाटकाकडे बघतात, असं ताई म्हणाली.

येत्या रविवारी घरी ये. जुना अर्ज, आय-२० आणि पासबुक सोबत आण. आपण ओसरीवर बसून एकेक कागद वाचू.

तुझा,
मामा